कागदावर सगळ्या घरीच

परभणीला मी हळद घ्यायला गेले होते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला समाजसेविका समजू नये. सांगलीत माझं हळदीचं गोदाम आहे. सोळाव्या वर्षी मी दुसऱ्याच्या गोदामात हळद निवडायला बसले आणि आज माझ्या शब्दावर ट्रक भरतो. मधल्या काळात मला कुणी काही फुकट दिलं नाही आणि भावात मीही कुणाला सोडलं नाही. गेली काही वर्षं मराठवाड्याची हळद दलालाच्या हातून घेत होते. या खेपेला दलालाशी भांडण झालं आणि मी स्वतःच मिरजेहून गाडीत बसले.

परळी सोडल्यावर जमीन काळी व्हायला लागते. आमच्याकडेही काळी जमीन आहे, पण इथली सपाट आणि न संपणारी. हरभरा निघालेला, ज्वारी कापणीला आलेली, मधेच एखादं उसाचं हिरवं रान. गंगाखेडला गाडी गोदावरीवरून गेली तेव्हा समोरच्या बाईने झोपलेल्या लेकराचा हात धरून नदीला नमस्कार करवला. लेकरू उठलं आणि परभणी येईपर्यंत रडत राहिलं.

परभणी स्टेशनाबाहेर एका गाड्यावर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता) मिळाला. गाड्यावरच्या बाईने विचारलं, "कुठल्या तुमी?"

"सांगलीची."

"लय लांबून आल्या. तिखट चालंल का?"

"सांगलीच्या माणसाला तिखट विचारता?"

तिने शांतपणे वर मिरचीचा ठेचा घातला. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने तितक्याच शांतपणे पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

तिथून एसटीने ताडकळसला गेले, कारण त्या दिवशी तिथे बाजार होता आणि गावोगावच्या हळदीची खबर बाजारात मिळते. भाजीवाल्या बायांच्या रांगेत एकीने प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये गोणपाट घालून लेकरू बसवलं होतं. शेजारच्या कॅरेटमध्ये वांगी. मी गमतीने म्हटलं, "हे काय भावाने?"

"हे इकायचं न्हाई बाई," ती वांगी तोलत म्हणाली. "ह्याचं गिऱ्हाईक मीच."

बाजारातच एकाने सांगितलं की चुडाव्याच्या अलीकडे, आत एका गावात किशनराव म्हणून शेतकरी आहेत, त्यांची पहिली हळद वाळून पॉलिश होऊन तयार आहे आणि दुसरी अजून रानात आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या सुनांना तिथेच नांदायचं आहे.

ऑटोवाल्याने मला वेशीपाशी उतरवलं. सगळ्या गावाला हळदीच्या वाफेचा वास येत होता. गोडसर, मातकट. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या पटांगणात, घरांच्या गच्च्यांवर उकडलेली हळद वाळत पडलेली. किशनराव साठीचे, उंच, धोतर स्वच्छ, बोलणं कमी. त्यांनी पोत्यातून मूठभर हळकुंडं काढून माझ्यापुढे धरली. मी एक मोडलं. खण्‌ असा आवाज आला आणि आतला रंग बघून मला भाव पाडायची इच्छा झाली, इतका माल चांगला होता. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

तेव्हाच अंगणातली खाट दिसली. खाटेच्या पायाला जुन्या लुगड्याच्या काठाने अडीचेक वर्षांची पोर बांधलेली होती. उजव्या पायाला पट्टी. ती मातीत हळकुंडांची रांग मांडत होती. पलीकडे तिची आई हळद निवडत होती. साडीवर नवऱ्याचा शर्ट, कोपरापर्यंत हात पिवळे.

"बांधलंय काऊन म्हणून बगायलात ना?" ती मान वर न करता म्हणाली. "सोडलं की कुकरकडं पळती. वाफ निघती, तिला मजा वाटती."

कुकर म्हणजे हळद वाफवायची मोठी पिंपं, ट्रॅक्टरला जोडून गावोगाव फिरवतात. मागच्या आठवड्यात त्याचं गरम पाणी चारीतून वाहत होतं, त्यात पोरीने पाय टाकला. आईचं नाव मुक्ता, किशनरावांची सून. गावातल्या वीस-बावीस बायांच्या टोळीची मुकादम तीच. ट्रॅक्टरने हळद उकरली की टोळी मागून वेचत जाते.

मी विचारलं, "आधी लेकरं कुठे ठेवत होता?"

"आधी आमी गुत्तं घ्यायचो." गुत्तं म्हणजे सगळं रान एकदम ठरवून घेणं. "रोज येकीवर राखणीची बारी. तिनं झाडाखाली समद्यांची लेकरं सांभाळायची, आन् तिला आमच्याइतकाच हिस्सा. औंदा मालक म्हणले, रोजानं या. रोजात डोकी मोजतेत. झाडाखालच्या बाईचा रोज कोण देईल?"

"अंगणवाडी?"

"तीन वर्षाच्या आतलं लेकरू बसवून घेत न्हाईत. मोठ्याला घेतेत, पण दुपारी सोडतेत. आमी सांजच्याला घरी येतो."

मी भाव ठरवायचं सोडून सरळ अंगणवाडीच्या बाईंकडे गेले. माझा हा स्वभाव मला ठाऊक आहे. एखादी गोष्ट टोचली की मी सौदा विसरते, आणि ही का टोचली तेही सांगते. माझी मुलगी दीड वर्षाची असताना मी फुटपाथवर हळद-मिरची विकत होते. जवळच सरकारी अनुदानावर चालणारं एक पाळणाघर होतं. खिडकीतल्या माणसाने पगाराची चिठ्ठी मागितली. माझ्याकडे कुठली चिठ्ठी? तो म्हणाला, "मग तुम्ही नोकरदार नाही. हे कामावर जाणाऱ्या आयांसाठी आहे." माझे हात तेव्हा या मुक्तासारखेच पिवळे होते. मुलगी माझ्यासोबत पोत्यांवर वाढली, हळदीच्या धुळीत. आता ती मोठी झाली, नोकरी करते, पण हवा बदलली की तिला दम लागतो आणि ती उशाला टेकून बसून झोपते. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

अंगणवाडीच्या बाई चाळिशीच्या, थकलेल्या, पण कागद नीट ठेवणाऱ्या. त्यांनी सांगितलं की अंगणवाडीलाच जोडून दिवसभराचं पाळणाघर चालवायची सरकारी योजना आहे, अगदी तान्ह्या मुलांसाठीसुद्धा. त्यांनी अर्ज पाठवला होता. तो परत आला.

"का?"

त्यांनी गावाची यादी पुढे केली. कामावर जाणाऱ्या माता या रकान्यात लिहिलं होतं, निरंक. म्हणजे एकही नाही.

मला वाटलं, माझे डोळे गेले. "अहो, सगळं गाव रानात आहे."

"मी घरोघर फिरून विचारलं ताई. दिवसा फिरले. बाया रानात. ओट्यावर म्हातारी माणसं. विचारलं, सून काय करते? म्हणाले, घरीच असते. मी म्हटलं, बोलवा. म्हणाले, आत्ता रानात गेलीय. आता मी काय लिहू? ते म्हणाले, गृहिणी लिवा, आमच्या घरची बाई दुसऱ्याच्या बांधाला जाती असं लिवू नका."

जमीन असलेल्यांनी तसं सांगितलं आणि एकर-दोन एकरवाल्यांनी त्याहून ठासून सांगितलं. मेंढरं-शेळ्यांवाल्या घरांनीही, शेजारी सांगतो तर आपण कशाला कमी, म्हणून तेच सांगितलं. साऱ्या गावाने इज्जत राखली आणि पाळणाघर घालवलं. आता परवा ग्रामसभा होती. दुरुस्त यादी तिथे वाचली गेली तरच अर्ज पुन्हा जाणार होता.

मी अर्ज तीनदा वाचला. "यात घरच्या कर्त्याची सही कुठे मागितलीय? आईची सही किंवा अंगठा, एवढंच आहे."

"नियमात नाही. पण घरच्यांना विचारल्याशिवाय त्या करतील का?" बाई म्हणाल्या.

मी तरातरा किशनरावांकडे परत आले.

"ही हळद कुणी वेचली?"

"मजुरानं."

"निवडली कुणी?"

"घरच्यांनी."

"घरचे म्हणजे सून. आणि ती लोकांच्या रानात मुकादम म्हणून जाते, ते?"

"बसून काय करावं म्हणून जाती. तुमी हळदीचं बोला बाई."

"हळदीचंच बोलते. यादीत सुनेपुढे मजूर लिहून द्या. नाहीतर मी तुमचा माल घेत नाही."

त्यांनी पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं. घाई केली नाही. "वसमतला बाजार हाय. तिथं हळद घेणारा सुनेची चौकशी करीत न्हाई."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी ओरडले, "तुमच्या इज्जतीपायी नातीचा पाय भाजला." शेजारच्या भिंतीवर चार डोकी आली. किशनरावांनी पोतं भिंतीला टेकवलं. आत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनेला म्हणाले, "उद्यापासून कुठंच जायचं न्हाई. घरात बस."

मुक्काम मी अंगणवाडीच्या बाईंच्या घरी केला. त्यांनी येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची) आणि ज्वारीची भाकरी केली होती. चव चांगली होती, माझं लक्ष नव्हतं. जेवण होतंय तोवर मुक्ता पोरीला कडेवर घेऊन आली. दारातच उभी राहिली.

"बाई, सौदा करताना तुमी असंच करता का? पयल्या झटक्यात आखरी भाव सांगता?"

माझ्या धंद्यात मला हे कुणी ऐकवलं नव्हतं.

"मामाला चार माणसांत हरवलं तुमी. आता ते घरात मला काऊन जिंकू देतेल? तुमी दोन दिवसांनी जाताल. भांडण आमच्या घरात ऱ्हाईल."

"मग आता काय करायचं?"

"काय न्हाई. मामा म्हणले घरात बस. मी बसती." तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुमचा ट्रक कवा यायलाय?"

"उद्या सकाळी. ताडकळसहूनच फोन करून बोलावलाय."

"मंग त्योबी बसंल."

सकाळी मी बाहेर आले तर गाव वेगळंच दिसलं. एरवी उजाडताच रिकामं होणाऱ्या गावात दारोदारी बाया बसलेल्या. कुणी लेकराचं डोकं धूत होती, कुणी गोधडी शिवत होती, एक तर नुसतीच पाय पसरून. कुकर वाट बघत उभा. रानात ट्रॅक्टरने उकरलेली हळद उघडी पडलेली. वर ऊन चढत चाललेलं.

एक शेतकरी मोटारसायकलवरून आला. "ओ भागाबाई, रान उघडं हाय, चला की."

"आमी कुठं जातो?" भागाबाई म्हणाली. "आमी घरीच असतो. इचारा आमच्या सासऱ्याला. यादीत लिवून दिलंय त्यांनी."

ओट्याओट्यावर हसू फुटलं. शेतकरी पुढच्या दारी गेला. तिथेही तेच. एकीने तर विचारलं, "गृहिणी म्हंजी काय वो? लय मोठी जागा हाय म्हणं. आज बसून बगायलाव." तो गाडी वळवून गेला आणि थोड्या वेळाने आणखी दोघांना घेऊन आला. त्यांनाही उत्तर मिळालं नाही, चहा मिळाला.

माझा ट्रक नऊला आला. किशनरावांशी सौदा जमला तरी पोती भरायच्या आधी माल निवडून संपायला हवा होता आणि निवडणाऱ्या दारात बसल्या होत्या. ड्रायव्हर कुरकुरला. सांगलीहून दोनदा फोन आला. मी मुक्ताच्या दारी गेले आणि हळू आवाजात म्हटलं, "निदान मी न्यायची तेवढी निवडून दे. मी तर तुमच्याच बाजूची आहे."

ती तूर पाखडत होती. सूप खाली ठेवलं नाही. "तुमच्यासाठी उठले तर त्यांच्यासाठी का न्हाई, असं म्हणतेल."

राग आला. पण ती बरोबर होती. हातचा माल सोडायची ज्याची तयारी, भाव त्याचा. हे मी लोकांना शिकवत आले होते आणि इथे मलाच आठवेना. मी परत जाऊन ड्रायव्हरला म्हटलं, झोप.

किशनराव सकाळपासून ओट्यावर बसून होते. कुकरवाला तिसऱ्यांदा आला. "काका, बारापर्यंत थांबतो. मंग पुढल्या गावची बारी हाय. तिथून मी आठ दिवस परत यायचा न्हाई."

ते उठले. दारात गेले. "मुक्ता, चल."

"मामा, मी घरीच असते."

"म्हणलो मी काल रागात."

"कालचं न्हाई मामा. यादीतलं म्हणायले."

त्यांनी नातीकडे पाहिलं. पोर खाटेला बांधलेली नव्हती. आज बांधायची गरज नव्हती, आई घरी होती. मग ते खांद्यावरचं उपरणं सारखं करत अंगणवाडीकडे चालू लागले. मी मागून गेले, पण तोंड उघडायचं नाही असं ठरवून.

"ती यादी काढा," ते बाईंना म्हणाले. "मुक्ता. लिवा, शेतकरी."

"काका, नुसतं शेतकरी लिहिलं तर—"

"आयका की. आदी शेतकरी. दोन एकर हाय आमचं, ते पुसायचं न्हाई. मंग त्याच्याफुडं, मजूर."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दोन्ही खरंच होतं. माणूस हरत असताना शेवटी एक गोष्ट स्वतःच्या मनासारखी करून घेतो, आणि ती त्याला घेऊ द्यावी; काल मी तेवढं केलं असतं तर ट्रक उभा राहिला नसता.

मुक्ता आली, तिने स्वतःची सही केली. मोठी अक्षरं, नीट. मग एकेक करून बाया आल्या. त्यांच्यामागे त्यांची म्हातारी माणसं, काहीतरी सामान हरवल्यासारखी. प्रत्येकाने आधी शेतकरी लिहून घेतलं. ज्यांच्याकडे गुंठाभरही रान नव्हतं त्यांनी शेळ्या लिहून घेतल्या.

मला वाटलं, आता उठतील. मुक्ता उठेना. "पाळणाघर कागदावर हाय. लेकरं आज हाईत. खोली उघडंस्तोवर राखणीची बाई डोक्यात मोजायची, रोजात."

"कुकर थांबलाय," किशनराव म्हणाले.

"मंग लवकर हो म्हणा मामा."

ते हो म्हणाले. मोटारसायकलवाल्यांनाही म्हणावंच लागलं. साडेअकराला टोळी रानात होती. सगळी लेकरं बांधावरच्या लिंबाखाली, आणि भागाबाईचा गुडघा दुखत होता म्हणून पहिली बारी तिची.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात, वाळत्या हळदीच्या कडेने सतरंज्या टाकून ग्रामसभा झाली. नावं मोठ्याने वाचली. मागून एक जण म्हणाला, "येका दिवसात समदं गाव मजूर झालं की."

किशनराव वळले नाहीत. "तुझ्या घरची तीन नावं हाईत त्यात. मोज."

ठराव झाला. मी बाईंना सांगितलं, अर्ज टपालाने पाठवायचा नाही, हातोहात द्यायचा आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापुढून हलायचं नाही. किशनरावांची हळदही मी घेतली. त्यांनी भाव सोडला नाही. वर म्हणाले, "येक दिवस ट्रक उभा ऱ्हायला तुमचा, म्हंजी तुमाला गरज हाय." मी दोन तास घासाघीस केली आणि त्यांच्याच भावाला आले. असं मला फार वर्षांत झालं नव्हतं.

निघताना मुक्ताला भेटायला रानात गेले. ती वाफ्यात वाकलेली. शेजारच्या सरीतल्या बाया माझ्याकडे बघून हसल्या. मुक्ताने विचारलं, "तुमच्याकडं निवडायला किती बाया हाईत?"

"चौदा."

"कागदावर?"

"त्या नोकरीला नाहीत गं. येतात, निवडतात, जातात."

"हां," एवढंच ती म्हणाली आणि पुढच्या वाफ्याकडे सरकली. मला वाटतं, तिला टोमणा मारायचाही नव्हता. तिला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं.

चुडाव्याच्या फलाटावर गाडीची वाट बघत बसले. स्टेशन लहान, लिंबाची सावली चांगली. समोर रुळांपलीकडे एक कळप चरत होता आणि राखणारी बाई पाठीवर लेकरू बांधून शेळ्यांना हाका मारत होती. मी स्वतःशी भांडत होते. चौदा जणींची नावं लिहिली तर उद्या कुणी येऊन विचारेल, रजा किती देता, फंड भरता का. शेजारची गोदामं कुणाचंच नाव लिहीत नाहीत, मीच का? त्यांनी कधी मागितलं का? मग मला आठवलं की मागायला कुणी आलं असतं तर मी काय म्हणाले असते, ते वाक्य मला तोंडपाठ होतं. मी ते खिडकीच्या दुसऱ्या बाजूने ऐकलं होतं.

सरकारची योजना कागदावर चांगली आहे. वाटेत मी ती पुन्हा वाचली, दोष काढायच्या नजरेने, आणि फार सापडले नाहीत. पण ती सुरू होते एका नावापासून आणि ते नाव लिहून देणाऱ्या माणसापासून. तिथे कधी ओट्यावरचा सासरा बसलेला असतो, कधी माझ्यासारखी मालकीण. आम्ही दोघेही म्हणतो, छे, ती तर घरीच असते.

अंगणवाडीच्या बाईंचा परवा फोन आला. अर्ज घेतला, पोच मिळाली. खोलीला पाणी आणि संडास दाखवा, अशी चौकशी परत आली आहे. किशनरावांनी नळ जोडायला माणूस लावला म्हणे. संडासावर अजून वाद चालू आहे.

सोमवारी मी गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि पहिल्या आलेल्या बाईला थांबवलं. बारा वर्षं ती माझ्याकडे येते. तिचा हात चौदा जणींत सगळ्यात चलाख आहे. तिचं आडनाव मला माहीत नव्हतं.

ती घाबरली. "माझं काय चुकलं का, वहिनी?"

"नाही," मी म्हटलं. "पूर्ण नाव सांग. आणि धाकट्याला सध्या कुठे ठेवतेस, ते पण."